रोमन शिपायाची वहाण

पायांतली वहाण पायांतच बरी, अशी एक म्हण आपल्याकडे रूढ आहे. इतिहासकारांनीं ही म्हण जितक्या निष्ठेनें पाळली आहे तितकी दुसऱ्या कोणीं क्वचितच पाळली असेल. राजांचे मुकुट, सेनापतींचीं शस्त्रें, विजयोत्सवांतील रथ यांचीं वर्णनें ग्रंथांत पानोपानीं आढळतात. परंतु ज्या पायांवर सैन्यें चाललीं त्या पायांत काय होतें, हा प्रश्न फारसा कोणी विचारीत नाहीं. रोमन साम्राज्याच्या बाबतींत तर ही उपेक्षा विशेष खटकते. भूमध्य समुद्राच्या चोहों बाजूंस पसरलेलें तें साम्राज्य मुख्यतः पायदळानें मिळविलें आणि पायदळानेंच राखिलें. त्या पायदळाच्या वहाणेची हकीकत या लेखांत सांगण्याचा आमचा विचार आहे. ही केवळ चामड्याची आणि खिळ्यांची हकीकत नव्हे. ती वहाण कोणाच्या पैशानें येई, तिचें कातडें कोणाच्या गोठ्यांतून निघे आणि अखेर ती कोणाच्या पायावर पडे, हें पाहूं लागलें म्हणजे राजा, शिपाई व प्रजा या तिघांचे संबंध जितके स्पष्ट दिसतात, तितके ते विजयस्तंभांवरील शिल्पांतही दिसत नाहींत.

या वहाणेस लॅटिन भाषेंत ‘कॅलिगा’ म्हणत. प्रजासत्ताकाच्या उत्तरकाळापासून इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या अखेरीपर्यंत रोमन पायदळांत तिचाच प्रचार होता. तिला वहाण म्हणावें कीं बूट, असा प्रश्न पडतो. कारण ती दोहोंच्या मधली आहे. वहाणेप्रमाणें ती उघडी व हवेशीर, पण बुटाप्रमाणें घोट्यापर्यंत पाय आवळून धरणारी. जर्मनींत र्‍हाइन नदीच्या कांठीं माइन्त्स येथें सांपडलेल्या जोड्यांवरून तिची घडण चांगली समजते. कारागीर एक अखंड कातडें घेई आणि तें असें कांहीं कापी कीं, मधल्या भागाचा तळ व्हावा आणि दोहों बाजूंस कातरलेल्या वाद्या सुटाव्या. टांचेमागें एक शिवण घातली कीं वरचा भाग तयार होई. त्याच्या आंतल्या अंगास एक व बाहेरच्या अंगास एक जाड असे आणखी दोन तळ लावून हे तिन्ही थर लोखंडी खिळ्यांनीं एकत्र ठोकीत. खिळ्यांचीं टोकें आंतल्या बाजूस वळवून दाबून टाकीत, त्यामुळें तीं पायास बोंचत नसत. त्यांचे फुगीर माथे मात्र जमिनीकडे राहत. असे खिळे कांहीं तळांवर ऐंशीच्याही वर असत. मग बाजूच्या वाद्या पावलाच्या मध्यावर एका चामडी दोरीनें आवळून बांधल्या कीं शिपाई चालावयास मोकळा होई.

असा जोडा कां पसंत केला असावा, हें कळण्यास शिपायाची दिवसाची मजल डोळ्यांपुढें आणली पाहिजे. व्हेजिटियस या युद्धशास्त्रावरील ग्रंथकारानें असें सांगून ठेविलें आहे कीं, नव्या शिपायांस उन्हाळ्यांतील ५ तासांत २० मैल साध्या लष्करी चालीनें आणि तेवढ्याच वेळांत २४ मैल द्रुत चालीनें जाण्याची संवय लावावी, आणि ६० रोमन पौंडांपर्यंत ओझें वाहून नेण्यासही शिकवावें. रोमन मैल हा एक हजार दुहेरी पावलांचा असे. ‘मैल’ या शब्दाचें मूळच मुळीं ‘हजार’ या अर्थाच्या लॅटिन शब्दांत आहे. तेव्हां वीस मैलांच्या, म्हणजे सुमारें ३० किलोमीटरांच्या मजलींत शिपायाचें प्रत्येक पाऊल वीस हजार वेळां जमिनीवर पडे. नुसतें चामडें या घर्षणापुढें किती दिवस टिकणार? खिळ्यांमुळें झीज चामड्याऐवजीं लोखंडास सोसावी लागे. उताराच्या चिखलांत त्याच खिळ्यांनीं पाय रोंवून धरतां येई. ओढा उतरून गेल्यावर पाणी वाद्यांमधून निथळून जाई, आणि पाय सुजला तर वाद्या सैल करतां येत. थंड मुलखांत मात्र हवेशीरपणा हाच दोष ठरे. तेथें शिपाई पायांस पट्ट्या गुंडाळीत, पायमोजे घालीत. इंग्लंडच्या उत्तर सीमेवर विंडोलँडा नांवाचें एक रोमन ठाणें होतें. तेथें मिळालेल्या लांकडी पत्रपट्ट्यांपैकीं एकींत कोणा शिपायास पायमोज्यांचे, वहाणांचे व आंतल्या चड्ड्यांचे जोड पाठविल्याचा उल्लेख आहे. जग जिंकणाऱ्या सैन्यालाही घरून आलेल्या पायमोज्यांचें अप्रूप होतेंच!

हीच वहाण प्रसंगीं घातकही होई. इ. स. ७० मध्यें टायटस यानें जेरुसलेमला वेढा दिला असतां घडलेला एक प्रसंग यहुदी इतिहासकार जोसेफस यानें वर्णिला आहे. बिथिनियाकडील जुलियानस नांवाचा एक शताधिपति आपल्या लोकांची माघार पाहून एकटाच पुढें सरसावला आणि त्यानें शत्रूंस मंदिराच्या अंगणापर्यंत रेटीत नेलें. त्याचा तो आवेश पाहून यहुदी लोक दोहों बाजूंस पळूं लागले होते. इतक्यांत त्या अंगणाच्या गुळगुळीत फरशीवर त्याच्या जोड्यांचे खिळे घसरले आणि तो चिलखतासकट धाडकन् उताणा पडला. पळणारे मागें फिरले, आणि टायटसच्या डोळ्यांदेखत तो शूर पुरुष मारला गेला. जो खिळा मातींत आधार देतो तोच दगडावर दगा देतो, हें सांगण्यास याहून दुसरें उदाहरण नको.

आतां या वहाणेचा खर्च कोण करीत असे तें पाहूं. सरकारनें शिपायास जोडे दिले, असें आपण सहज म्हणून जातों. पण हिशेब निराळा होता. ईजिप्तमधील एक पपायरस जिनिव्हा येथें जतन केलेला आहे. त्यावर पहिल्या शतकाच्या अखेरीच्या सुमारास तेथें नोकरीस असलेल्या दोन शिपायांच्या पगाराचा जमाखर्च आहे. पगार वर्षांतून तीन हप्त्यांनीं मिळे. एका हप्त्याचे २४८ द्राख्मे शिपायाच्या नांवें जमा आहेत. त्यांतून गवताचे १०, अन्नाचे ८०, वहाणा व पट्ट्यांचे १२, छावणींतील सॅटर्नेलिया सणाचे २० आणि कपड्यांचे ६० असे एकूण १८२ द्राख्मे कापून घेतले असून हातीं शिल्लक राहिले अवघे ६६. पुढील हप्त्यांतही वहाणांच्या नांवें बारा द्राख्मे वळते केलेलेच आहेत. साम्राज्यासाठीं झिजविलेल्या तळांचे पैसे शिपायानें आपल्याच पगारांतून भरावे, असा हा व्यवहार होता.

याविषयींची कुरकुर रोमच्या इतिहासांत वारंवार ऐकूं येते. इ. स. १४ मध्यें ऑगस्टस वारला तेव्हां पॅनोनिया प्रांतांतील पलटणींनीं बंड केलें. दिवसाला दहा ‘आस’ एवढ्या किमतीला आमचे देह व प्राण विकत घेतले आहेत आणि त्यांतूनच कपडे, शस्त्रें व तंबू यांचा खर्च आम्हीं भागवावा, हें त्यांच्या पुढाऱ्याचें गाऱ्हाणें टॅसिटसनें नोंदविलें आहे. पुढें इ. स. ६९ च्या यादवी युद्धांत व्हेस्पेशियनच्या पक्षाचे शिपाई सेनापतींकडे एक विशिष्ट बक्षीस हट्टानें मागत होते. त्या बक्षिसास ‘क्लाव्हारियुम’ म्हणजे ‘खिळ्यांचे पैसे’ असें नांव पडलें होतें. हाच व्हेस्पेशियन सम्राट झाल्यावर, ओस्टिया व पुतेओली या बंदरांहून पाळीपाळीनें रोमला पायीं ये-जा करणारे आरमारी लोक जोड्यांसाठीं कांहीं भत्ता मागावयास त्याच्याकडे गेले. अर्जदारांस नुसतें परत पाठविणें त्याला पुरेसें वाटलें नाहीं. यापुढें अनवाणीच धांवत जा, असा त्यानें हुकूम केला. आणि तेव्हांपासून ते तसेच जात असत, असें सुएटोनियस लिहितो. ज्याला खिळ्यांचे पैसे मागणाऱ्या पायांनीं सिंहासनापर्यंत पोंचविलें, त्यानें सिंहासनावर बसतांच दुसऱ्यांचे पाय उघडे केले. यांत सम्राटाची काटकसर दिसते, तशी स्मरणशक्तीही दिसते.

पण शिपायाच्या पगारांतून कापलेले बारा द्राख्मे ही या वहाणेची संपूर्ण किंमत नव्हे. तिच्या किमतीचा मोठा भाग ज्यांनीं दिला त्यांच्या पायांत ती कधींच नव्हती. आजच्या नेदर्लंड्सच्या उत्तर किनाऱ्यावर त्या काळीं फ्रीझियन नांवाचे लोक राहत असत. ते गरीब आहेत हें पाहून ड्रूसस या सेनापतीनें त्यांच्यावर बेताचीच खंडणी बसविली होती, ती लष्करी उपयोगासाठीं बैलांचीं कातडीं देण्याची. लष्कराला कातडें केवळ वहाणांसाठींच लागे असें नाहीं. तंबू, ढालींचीं आवरणें, घोड्यांचीं सामानें या सर्वांस तें लागे. कातडें केवढें असावें, किती जाड असावें, याची चौकशी प्रथम कोणी केली नाहीं. पुढें ओलेनियस नांवाचा एक जुना लष्करी अंमलदार त्यांच्यावर नेमला गेला, आणि त्यानें रानबैलाच्या कातड्याचें माप कायम केलें. जर्मन अरण्यांतील तो रानबैल म्हणजे एक अजस्र जनावर. आणि या लोकांचीं पाळीव गुरें तर ठेंगणीं. मापांत बसेल असें कातडें त्यांनीं आणावें कोठून? टॅसिटस सांगतो, प्रथम त्यांनीं गुरेंच देऊन टाकलीं, मग जमिनी दिल्या, आणि शेवटीं बायकामुलें गुलामगिरींत दिलीं. तक्रारींस दाद मिळाली नाहीं तेव्हां इ. स. २८ मध्यें ते उठले. वसुलीस आलेल्या शिपायांस त्यांनीं धरून सुळीं दिलें. ओलेनियस पळून एका किल्ल्यांत गेला म्हणून वांचला. त्यानंतरच्या युद्धांत बादुहेन्ना नांवाच्या राईंत ९०० रोमन पडले. आणखी ४०० जण एका घराच्या आश्रयास गेले होते; त्यांनीं विश्वासघाताच्या भीतीनें एकमेकांसच ठार केलें. टायबेरियस बादशहानें ही हानि जगापासून लपवून ठेविली.

या हकीकतींत आम्हांस सर्वांत भयंकर वाटतें तें बंड नव्हे, तर तें माप होय. कायदा बदलला नव्हता, खंडणीचें नांव बदललें नव्हतें, आंकडाही वाढला नव्हता. एक अधिकारी आला आणि त्यानें नमुन्यादाखल एक कातडें पुढें टाकलें, एवढेंच काय तें झालें. जुलूम हा नेहमीं तलवार उपसूनच येतो असें नाहीं. पुष्कळदां तो हातांत मापपट्टी घेऊन येतो. बरें, ज्या शिपायांस सुळीं दिलें तेही बिचारे आपल्या वहाणांचे पैसे पगारांतून भरणारेच होते! वर बसलेल्याची सोय आणि खालच्यांचें वैर, अशी ही सरकारी वसुलीची जुनी तऱ्हा आहे.

राज्यांतल्या सामान्य नागरिकालाही या खिळ्यांची ओळख पायानेंच होई. रोमच्या गर्दींत शिपायाच्या जोड्याचा खिळा आपल्या आंगठ्यांत रुतल्याचा त्रास जुव्हेनल या उपहासकवीनें आपल्या एका काव्यांत सांगितला आहे. आणि दुसऱ्या एकांत, शिपायानें मारलें तरी त्याच्यावर छावणींत जाऊन फिर्याद करण्याच्या भानगडींत पडूं नये, कारण तेथें आपले दोन पाय विरुद्ध त्यांचे हजारों खिळे असा सामना होतो, असा औपरोधिक सल्ला दिला आहे. वहाण येथें न्यायासनाच्या आड उभी राहिलेली दिसते.

असें असूनही या वहाणेला एक प्रकारचा मान होता. ‘कॅलिगातुस’, म्हणजे कॅलिगा घालणारा, हा साध्या शिपायाला शब्दच होऊन बसला. सात वेळां कॉन्सल झालेला मारियस हा कॅलिगेपासून त्या पदापर्यंत चढला, असें सेनेका लिहितो. आपण ‘शिपायाचा सरदार झाला’ म्हणतों, तसाच हा प्रयोग. आणि हीच वहाण एकदां थेट एका सम्राटाच्या नांवांत जाऊन बसली. जर्मॅनिकस हा र्‍हाइनवरील सैन्याचा सेनापति. त्याचा धाकटा मुलगा गायस याचा जन्म इ. स. १२ मधला. शिपायांचें प्रेम संपादावें म्हणून त्या बालकास त्यांच्याच वहाणेची चिमुकली प्रतिकृति घालून छावणींत फिरवीत. शिपाई कौतुकानें त्याला ‘कॅलिग्युला’ म्हणूं लागले; त्याचा अर्थ ‘चिमुकली वहाण’. इ. स. १४ मध्यें पॅनोनियाप्रमाणेंच र्‍हाइनकांठचें सैन्यही बिथरलें. तेव्हां जर्मॅनिकसनें पत्नी अग्रिपिना आणि हा दोन वर्षांचा मुलगा यांस दुसऱ्या मुलखांत आश्रयास पाठविण्याचें ठरविलें. आपल्याच छावणींत जो वाढला, ज्याला आपणच नांव दिलें, त्या पोरास आपल्या भीतीनें परक्यांच्या दारीं न्यावें लागत आहे, हें पाहून शिपायांस लाज वाटली आणि बंडाचा जोर ओसरला. सेनापतीच्या भाषणानें जें झालें नाहीं तें एका बाळाच्या वहाणेनें केलें.

पुढें इ. स. ३७ मध्यें हाच गायस सम्राट झाला. आतां मात्र त्याला तें नांव सोसेना. एका जुन्या शताधिपतीनें त्याला कॅलिग्युला म्हणून संबोधिलें, आणि सम्राटानें त्याबद्दल त्याला शिक्षा केल्यावांचून सोडलें नाहीं, असें सेनेकानें नमूद केलें आहे. वस्तुतः त्याच्या सर्व पदव्यांत हीच एक प्रेमानें मिळालेली होती; बाकीच्या अधिकारानें मिळाल्या होत्या. चार वर्षांनीं, इ. स. ४१ मध्यें, त्याचा खून झाला. इतिहासानें त्याच्या साऱ्या पदव्या बाजूस सारल्या आणि त्याला न आवडलेलें वहाणेचें नांवच कायमचें चिकटवून दिलें.

दुसऱ्या शतकाच्या आरंभापासून ही वाद्यांची उघडी वहाण मागें पडत गेली आणि पाय झांकणारे बूट शिपायांच्या वापरांत आले. तळाचे खिळे मात्र तसेच राहिले. शब्दही मागें उरला. डायोक्लेशियननें इ. स. ३०१ मध्यें जिनसांचे कमाल भाव ठरवून दिले आणि त्यांहून अधिक घेणाऱ्यास देहांत शिक्षा सांगितली. त्या यादींत शिपायाची बिनखिळ्यांची कॅलिगा १०० दिनारांस, तर गाडीवानाची वा शेतकऱ्याची उंची जातीची १२० दिनारांस आहे. त्याच यादींत शेतमजुराची रोजी जेवणाखेरीज २५ दिनार ठरविली आहे. म्हणजे शिपायाच्या वहाणेच्या जोडास मजुराचे चार दिवस लागत, आणि खिळ्यांचा खर्च निराळा.

एवढ्या जुन्या वहाणा आज आपल्यास पाहावयास मिळतात त्याचें श्रेय चांभाराच्या विद्येस आहे. झाडांच्या सालीनें कातडें कमावण्याची कला उत्तर युरोपांत रोमनांबरोबर गेली. असें कमावलेलें कातडें हवा न शिरणाऱ्या ओल्या जमिनींत शतकेंच्या शतकें टिकून राहतें. विंडोलँडा येथील उत्खननांत आतांपर्यंत ५,००० हून अधिक जोडे निघाले आहेत. तेथील एका पट्टीवरील हजेरींत कारखान्यांत कामास लावलेल्या ३४३ माणसांपैकीं १२ जण चांभार असल्याचें लिहिलें आहे. दुसऱ्या एका पत्रांत ऑक्टेव्हियस नांवाचा मनुष्य कळवितो कीं, कातडीं आणावयास आपण केव्हांच गेलों असतों. पण रस्ते खराब आहेत, जनावरांस इजा होईल, म्हणून थांबलों. रोमन रस्त्यांची कीर्ति ऐकत आलेल्या आम्हांस हें वाक्य फार मोलाचें वाटतें. जेथें चामडें कुजून गेलें तेथेंही खिळे राहिले आहेत. इ. स. पूर्वी ५२ मध्यें सीझरनें वेढलेल्या अलेसियाच्या परिसरांत ते सांपडले आहेत, तसेच आल्प्सच्या घाटवाटांतही. कोणतें सैन्य कोणत्या खिंडींतून गेलें, हें शिपायांच्या पायांतून गळून पडलेल्या खिळ्यांवरून संशोधक आज सांगूं शकतात.

विंडोलँडाच्या या जोड्यांमध्यें स्त्रियांचे व लहान मुलांचेही जोडे आहेत. शिपायास नोकरींत असेतों कायदेशीर लग्न करण्यास त्या काळीं बंदी होती. ती सेप्टिमियस सेव्हेरस यानें इ. स. १९७ च्या सुमारास सैल केली. परंतु ही सवलत मिळण्याच्या कितीतरी आधींपासून ठाण्याच्या भिंतींच्या आंत मुलें खेळत होतीं, याची साक्ष ते चिमुकले जोडे देत आहेत. सरकारी दप्तरानें ज्यांचें अस्तित्व मानलें नाहीं त्यांचीं पावलें चिखलानें जपून ठेविलीं.

रोमची थोरवी आम्हांस नाकारावयाची नाहीं. त्याचे कायदे, त्याचे पूल, त्याची शिस्त यांचा आदर करावा तेवढा थोडाच. परंतु त्या थोरवीचा हिशेब मांडतांना जमेच्या बाजूस रस्ते लिहावे आणि खर्चाच्या बाजूस कांहींच लिहूं नये, हें न्यायाचें नाहीं. खर्चाच्या बाजूस त्या शिपायाचे बारा द्राख्मे आहेत, फरशीवर घसरलेला जुलियानस आहे, अनवाणी धांवणारे खलाशी आहेत. आणि सर्वांच्या खालीं, जिचा उल्लेख टॅसिटसनें केला नसता तर आपल्यास कधींच कळली नसती अशी, फ्रीझियन शेतकऱ्याच्या गोठ्यांतील ती ठेंगणी गुरांची दावण आहे. ती रिकामी झाली म्हणून कोठें तरी एका शिपायाचे पाय दगडांपासून वांचले. साम्राज्यें किती दूर चाललीं हें आपण मोजतों, तेव्हां तीं कोणाच्या कातड्यावर चाललीं हेंही विचारीत जावें.